दोन नद्यांच्या मधून गेलेला रस्ता: जुन्या मुंबई–पुणे मार्गावरचे पूल आणि मोऱ्या गाडीने कशा पाहाव्यात

पुण्याहून खंडाळ्याला जुन्या रस्त्याने जाताना मोठ्या नद्या किती ओलांडाव्या लागतात? फक्त तीन. पुण्यात मुठा, दापोडीला मुळा आणि मावळात इंद्रायणी. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, मुलूख मावळासारखा धो धो पावसाचा, तरी एवढ्यावर भागतं. कारण हा रस्ता बरंच अंतर पवना आणि इंद्रायणी यांच्या मधल्या उंचवट्यावरून जातो. पूल म्हणजे खर्चाचं, वेळखाऊ आणि दर पावसाळ्यात काळजी लावणारं काम. जमेल तिथे तो टाळायचा आणि जिथे टळत नाही तिथे जागा नीट निवडून भक्कम बांधायचा, हे जुन्या रस्त्यांचं शहाणपण या एका मार्गावर एका दिवसात पाहता येतं.

त्यामुळे हा रस्ता पाहायला निघालात तर फक्त ‘जुने पूल बघू’ एवढं मनात ठेवून जाऊ नका. पूल कुठे आहे, तिथेच का आहे आणि बाकी ठिकाणी का नाही, हे तिन्ही पाहिलं तरच रस्ता कळतो. त्या क्रमानेच पुढे लिहिलं आहे.

निघण्याआधी घरी करायचं काम

या फेरीची निम्मी मजा घरच्या टेबलावर आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर टोपोशीट, म्हणजे चढउतार आणि ओढे-नद्या दाखवणारे तपशीलवार नकाशे मिळतात. पुणे, तळेगाव, लोणावळा हा सगळा पट्टा जुन्या क्रमांकपद्धतीत ४७ एफ या गटात येतो. ती उतरवून घ्या आणि शेजारी मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडा. आधी नद्या निळ्या पेनाने गिरवा, मग जुना रस्ता लाल पेनाने. एक्सप्रेसवेकडे सध्या पाहूच नका. दोन्ही रेषा कागदावर उमटल्या की सुरुवातीला म्हटलेली गोष्ट कुणी सांगावी लागत नाही. दक्षिणेला पवना, उत्तरेला इंद्रायणी आणि मधून लाल रेघ. चिंचवडच्या मोरया गोसावींची समाधी पवनेच्या काठी, तुकोबांचं देहू इंद्रायणीच्या काठी आणि रस्ता या दोन्ही क्षेत्रांच्या मधून. मावळातल्या माणसाला ही खूण नकाशापेक्षा लवकर पटते.

दुसरं वाचन जुन्या गॅझेटियरचं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा आहे, १८८५ साली तीन भागांत निघालेला. त्यातलं व्यापाराचं प्रकरण काढा. त्या काळचे रस्ते, घाट, पूल, टोलनाके, नावा, धर्मशाळा यांची माहिती तिथे एकत्र सापडते. इंग्रजी जुनं आहे आणि गावांची स्पेलिंगं विचित्र आहेत, पण गावाचं नाव मोठ्याने उच्चारलं की ओळख पटते. यातली रस्ते-पुलांची पानं छापून सोबत घ्या. घाटात मोबाइलची रेंज भरवशाची नसते.

तिसरं, एक प्रश्न आधीच लिहून ठेवा आणि उत्तर प्रवासात शोधा. कार्ल्याजवळ इंद्रायणी रस्त्याच्या दक्षिणेला आहे. कार्ला फाट्यावरून मळवलीकडे जाताना ती ओलांडावी लागते. वडगावला हीच नदी रस्त्याच्या उत्तरेला आहे. म्हणजे मध्ये कुठेतरी रस्त्याने ती ओलांडली. ती जागा आधी नकाशावर बोट ठेवून शोधा, मग प्रत्यक्ष गाठा. मुलं बरोबर असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या.

दिवस, वेळ आणि गाडी

ऑक्टोबरची पहिली थंडी पडल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. नद्यांना पाणी असतं पण पूर नसतो, खांबांचे पाय उघडे दिसतात, कमानीवरची झाडोऱ्याची दाटी ओसरलेली असते. पावसाळ्यात मावळ देखणा असतो हे खरं, पण शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या आसपास गाड्यांच्या रांगा लागतात, घाटात धुकं उतरतं आणि पुलाजवळ खाली उतरणं धोक्याचं होतं. चैत्रातली एकवीरेची यात्रा आणि नवरात्र या दिवसांत कार्ला फाट्याची गर्दी लक्षात घ्या. शक्य असेल तर आठवड्यातला मधला वार निवडा.

पहाटे सहाच्या आत संगम पुलावर असलात तर सातच्या आधी निगडी मागे पडते. हे वेळापत्रक महत्त्वाचं आहे, कारण दापोडी ते निगडी हा पट्टा एकदा जागा झाला की गाडी चालवण्यापलीकडे काही सुचत नाही.

गाडी साधी चालेल. टायरमधली हवा, ब्रेक, वायपर आणि कूलंट तपासा. परतताना घाट चढायचा आहे आणि जुन्या गाड्या तिथेच तापतात. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, कारण जुन्या रस्त्यावरही सोमाटणे आणि वरसोली इथे टोलनाके आहेत. सोबत पाण्याच्या बाटल्या, टोपी, चांगल्या पकडीचे बूट, दुर्बीण, मोजपट्टी, वही आणि चमकदार रंगाचं जॅकेट असू द्या. जॅकेट विसरू नका. रस्त्याच्या कडेला वाकून दगड पाहणारा माणूस ट्रकवाल्याला लांबून दिसला पाहिजे.

संगम पूल: डोळा तयार करण्याची जागा

सुरुवात संगम पुलापासून करा. मुठा इथून थोडीशी पुढे जाऊन मुळेला मिळते. त्याच्या जरा आधी, मुठा एकटी असताना, रस्त्याने तिला ओलांडलं आहे. आधी इथे लाकडी पूल होता. त्या जागी आजचा दगडी कमानींचा पूल १८७५ साली वाहतुकीला खुला झाला. तेव्हा त्याचं नाव वेलस्ली पूल. शेजारून रेल्वेचा पूल जातो. १८१७ साली ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली तेव्हा इंग्रज रेसिडेंटचा बंगला याच संगमावर होता आणि त्याच दिवशी तो जाळला गेला.

पुलावर गाडी थांबवू नका. पलीकडे जाऊन रीतसर जागेत लावा आणि चालत परत या. जुना पूल वरून काहीच सांगत नाही. वरून दिसतो तो डांबरी रस्ता आणि दोन कठडे. नदीकाठावरून, बाजूने, थोडं अंतर ठेवून पाहायचं आणि पाहण्याला क्रम लावायचा.

पहिल्यांदा गाळे मोजा. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा. सगळे गाळे सारखे आहेत की मधले मोठे, हे टिपा. मधला गाळा मोठा असेल तर नदीचा मुख्य प्रवाह तिथून जातो असं समजायला हरकत नाही.

मग खांबांकडे वळा. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला दगडी खांबाचा आकार बहुतेकदा टोकदार किंवा गोलाई दिलेला असतो. प्रवाह फाटून दोन्ही बाजूंनी निघून जावा, लाकूडफाटा अडकू नये, म्हणून ही रचना. खांबाच्या पायाशी पाण्याने माती उकरली आहे का पाहा. दगडी पूल सहसा गाड्यांच्या ओझ्याने पडत नाहीत. पुराचं पाणी खांबाच्या पायाखालून वाळू-माती काढून नेतं, पाया उघडा पडतो आणि वरचं सगळं बांधकाम शाबूत असताना खांब खचतो. पुलाची तब्येत पाहायची तर आधी पाय पाहावेत.

त्यानंतर कमान. अर्धवर्तुळाकार आहे की चपटी? चपट्या कमानीला उंची कमी लागते, पण ती दोन्ही बाजूंना जास्त रेटा देते, म्हणून टोकाचे भराव भक्कम लागतात. कमानीच्या माथ्यावरचा कळीचा दगड शोधा. बांधताना खाली लाकडी सेंटरिंग, म्हणजे आधाराचा तात्पुरता सांगाडा असतो. दोन्हीकडून चढत आलेल्या थरांमध्ये हा शेवटचा दगड बसला आणि सेंटरिंग काढलं की सगळे दगड एकमेकांवर दाबून उभे राहतात. वरून वजन आलं की ते आणखी घट्ट बसतात. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमान म्हणजे त्याच्याकडून फक्त सोसेल तेवढंच काम करून घेण्याची युक्ती.

शेवटी सांधे. जुनं काम चुन्याचं. चुना सावकाश घट्ट होतो, थोडी हालचाल सहन करतो. मागून कुणी दरजा सिमेंटने भरल्या असतील तर राखाडी पट्टे वेगळे दिसतात. कमानीच्या पोटातून पांढरे ओघळ आलेले दिसले तर वरून पाणी झिरपून चुना विरघळतो आहे. सांध्यात पिंपळाचं रोप उगवलेलं असेल तर त्याची नोंद हमखास करा. आज चार पानांचं दिसणारं ते रोप मुळांनी दगड सरकवतं.

हे सगळं एकदा निवांतपणे संगमावर केलं की पुढच्या प्रत्येक पुलाला दहा मिनिटं पुरतात.

दापोडी: एका पुलात दोन नद्या

वाकडेवाडी, खडकी, बोपोडी करत मुळेवर या. इथला हॅरिस पूल १८९० ते १८९५ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिसच्या नावाचा. आता आजूबाजूला रुंदीकरणाचे नवे पूल आणि मेट्रोचा मार्ग आल्याने मूळ दगडी काम एका दृष्टिक्षेपात सापडत नाही. म्हणूनच इथे थांबावं. एकाच नदीवर दगडी कमान, रेल्वेचा पूल, काँक्रीटचे सरळ गर्डर म्हणजे तुळया आणि मेट्रोचे उंच खांब अशा सगळ्या पिढ्या शेजारी उभ्या आहेत. कुणाचे खांब पात्रात किती जागा अडवतात, याची तुलना करा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नकाशावर आहे. पवना या पुलाच्या वरच्या अंगाला मुळेला येऊन मिळते. म्हणजे पूल संगमाच्या खाली आहे. तो जुन्या सांगवीच्या बाजूला वर बांधला असता तर मुळा एकदा आणि पवना पुन्हा एकदा ओलांडावी लागली असती. दोन नद्या एक झाल्यावर एकाच पुलात काम भागवलं. पुलाच्या दापोडीकडच्या टोकाला उभं राहून पश्चिमेला पाहिलं की ही निवड समजते.

पूल नव्हता तेव्हाही हीच वाट होती. १८१७ च्या लढाईत कॅप्टन फोर्डच्या पलटणी दापोडीला होत्या आणि त्या नदी ओलांडून खडकीच्या इंग्रज सैन्याला मिळाल्या. पुढे १८२८ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी दापोडीला सरकारी बंगला घेतला, तिथे वनस्पती उद्यान उभं राहिलं. हाच माल्कम पुढे घाटात पुन्हा भेटणार आहे.

इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा. खडकी, दापोडी आणि पुढे देहूरोड हा लष्करी संस्थांचा भाग आहे. कॅमेरा नदीकडे आणि पुलाकडेच ठेवा, कुंपणांकडे वळवू नका. ड्रोन घरीच राहू द्या.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी हा भाग न थांबता पार करा.

देहूरोड ते वडगाव: पूल नसलेला टप्पा

हा टप्पा बहुतेक लोक झपकन उरकतात. मला तो सगळ्यात जास्त शिकवणारा वाटतो. देहूरोडला बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केलेला विहार आहे, तिथे थांबा. पुढे निघाल्यावर टोपोशीट मांडीवर घ्या, अर्थातच गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन. दोन्ही बाजूंचे ओढे पाहा. डावीकडचे पवनेकडे उतरतात, उजवीकडचे इंद्रायणीकडे. रस्ता त्यांच्या उगमाजवळून जातो, जिथे ते अजून लहान आहेत. लहान ओढ्याला पूल लागत नाही, मोरी पुरते, म्हणजे रस्त्याच्या पोटातून पाणी काढून देणारी अरुंद वाट.

मोरीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण गाडीतून ती दिसतच नाही. कठड्याचे दोन बुटके पांढरे दगड तेवढे कडेला जातात. तळेगावच्या पुढे, भातखाचरं सुरू झाली की, जिथे रस्त्याला जुन्या वळणाचा तुकडा सुटलेला असेल तिथे गाडी उभी करा. नव्याने सरळ केलेल्या रस्त्याच्या बाजूला असे अर्धचंद्रासारखे तुकडे राहतात. त्यांच्या कडेला बऱ्याचदा जुनी वडा-आंब्याची झाडं असतात, एखादं देऊळ जुन्या वाटेकडे तोंड करून असतं. तिथे बांधावरून खाली उतरून पाहिलं की दगडी मोरी सापडू शकते.

अशी एखादी मोरी जवळून पाहण्यासारखी असते. रुंदी हात पसरल्याएवढी, उंची वाकून जाण्याइतकी. तोंडाचे दगड चौरस तासलेले, त्यांवर टाकीचे तिरके घाव अजून स्पष्ट, बोटाने चाचपता येतात. आत शिरलं की दगड ओबडधोबड होतात, कारण तिथे कुणी पाहणार नव्हतं. कमानीच्या पोटाला गुराख्यांनी पेटवलेल्या शेकोटीची काजळी, तळाला फरशी आणि फरशीच्या टोकाला पाण्याने पाडलेला खळगा. खाली फरशी घातली ती मोरीच्या पायाची माती वाहू नये म्हणून. मोठ्या पुलाला जे भय, तेच या तीन हातांच्या मोरीलाही आणि त्यावरचा इलाजही तोच. आत हात घालण्याआधी काठी आपटा. सापांना अशी गार जागा आवडते.

जुन्या पुलांच्या कठड्यावर किंवा पायरीवर कधी बाणासारखी खूण आणि तिच्यावर आडवी रेघ कोरलेली आढळते. ती सर्वेक्षण खात्याची उंची मोजण्याची खूण. ती सापडली की फोटो काढा, जागा नोंदवा, पण खडूने किंवा पाण्याने घासू नका.

तळेगाव दाभाडेला सेनापती खंडेराव दाभाड्यांची समाधी बनेश्वराजवळ आहे. तासभर काढता आला तर जरूर पाहा.

वडगाव मावळ: रस्ता नसण्याची किंमत

चांगला रस्ता आणि पूल नसले की काय होतं, ते वडगावात थांबून आठवावं. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. सामानासाठी हजारो बैल बरोबर. वाट अशी की दिवसाला जेमतेम मैल-दोन मैल सरकायचं. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठी मुलखात त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणतात आणि त्याचं थडगं वडगावात आहे. फौज ९ तारखेला तळेगावला पोचली तेव्हा तिथे दाणापाणी शिल्लक नव्हतं. माघारी फिरताना जड तोफा तळ्यात टाकाव्या लागल्या. महादजी शिंद्यांच्या सैन्याने वडगावला वेढलं आणि तह झाला. इथला विजयस्तंभ त्याची आठवण. पुढे इंग्रजांनी या वाटेवर चाकाचा रस्ता करण्यासाठी एवढा खर्च का केला, हे या पार्श्वभूमीवर नीट समजतं.

कामशेत, कार्ला

वडगाव ते कार्ला या टप्प्यात तुमचा इंद्रायणीचा प्रश्न सुटतो. जागा सापडली की संगमावरची चारही पाहणी इथे पुन्हा करा: गाळे, खांब, कमान किंवा गर्डर, सांधे. नदीच्या वरच्या अंगाने आणि खालच्या अंगाने असे दोन फोटो घ्या. वरच्या अंगाला अडकलेलं गवत, प्लॅस्टिक, फांद्या किती उंचीवर आहेत ते पाहा. गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं हे त्यावरून कळतं. काठावर शेतात कुणी असेल तर विचारा. “काका, पाणी पुलावर कधी आलं होतं का?” एवढा एक प्रश्न पुरतो. मावळातला शेतकरी पुराची वर्षं पावसावरून, पिकावरून आणि घरातल्या लग्नकार्यांवरून सांगतो. ते तसंच लिहून घ्या.

जेवणाआधी कार्ल्याची लेणी चढा. तिथल्या चैत्याच्या खांबांवर आणि भिंतीवर दात्यांची नावं कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट, सोपारा, वैजयंती अशा दूरदूरच्या गावांचे लोक आहेत. एका लेखात ‘मामलाहार’ असा या मुलखाचा उल्लेख येतो. कोकणातल्या बंदरांकडून देशावर येणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वी याच खिंडीतून वर यायची, याचा पुरावा हा दगड आहे. वेळ असेल तर मळवलीच्या बाजूला भाजे. दोन्ही एका दिवसात घाईने उरकण्यापेक्षा एकच नीट पाहा.

लोणावळ्यात चिक्की घ्या आणि पुढे चला.

खंडाळा आणि घाट

राजमाची पॉइंटवरून बोरघाट एका नजरेत दिसतो. रस्ता, रेल्वे आणि एक्सप्रेसवे एकाच दरीत आहेत. दुर्बीण इथे कामी येते.

१८०४ साली इंग्रज सेनापती वेलस्लीने तोफा नेता येतील इतपत वाट करून घेतली होती. चाकाच्या गाड्यांसाठी नीट बांधलेला घाटरस्ता माल्कमच्या कारकिर्दीत १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. त्यानंतर रेल्वे. १८५६ ला काम सुरू होऊन १८६३ ला गाडी घाट चढली. पंधरा मैलांहून थोडं जास्त अंतर, १८३१ फूट चढ, २५ बोगदे आणि आठ मोठे दगडी कमानपूल. ऐन कामाच्या काळात, १८६१ मध्ये, इथे बेचाळीस हजार माणसं राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने ते काम पुढे नेलं. साथीच्या रोगांनी किती मजूर दगावले असतील, याची कल्पना करवत नाही. त्यांच्या नावाचा दगड कुठे नाही.

या घाटातली एक घटना पूल पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. रेल्वे सुरू झाल्यावर चारच वर्षांत, जुलै १८६७ मध्ये, इथला मव्हकी मळीचा कमानपूल कोसळला. काम निकृष्ट निघालं. दगडी कामात दर्शनी दगड घोटीव, रेखीव असू शकतात आणि आत नुसती कच्ची भर. बाहेरून चांगलं आणि निकृष्ट काम सारखंच दिसतं. म्हणून खांबाचं पोट फुगलेलं दिसलं, दर्शनी थर मागच्या भरीपासून सुटल्यासारखा वाटला किंवा उभी भेग खालपासून वरपर्यंत गेली असेल, तर त्या पुलाच्या खाली उभं राहू नका.

गाडीला दिशा बदलायला लावणारं घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन १९२० च्या दशकाअखेर नवा मार्ग झाल्यावर बंद पडलं. त्याच परिसरातला अमृतांजन पूल, ज्याच्या कमानींखालून आपल्यापैकी बहुतेक जण मुंबईला गेलो, ५ एप्रिल २०२० ला लॉकडाउनमध्ये स्फोटाने पाडला. त्याचे खांब एक्सप्रेसवेवर अडथळा होते, अपघात होत होते. माणसांच्या जिवापुढे दगड राखता येत नाहीत हे मला मान्य आहे. पण पाडण्याआधी त्याचा प्रत्येक दगड मोजून, चित्रित करून ठेवणं आपल्या हातात होतं आणि तशी नोंद सर्वांना पाहायला खुली असायला हवी होती.

खंडाळ्याच्या पुढे काही अंतर जुना रस्ता आणि एक्सप्रेसवे एकत्र येतात. तिथे थांबणं, फोटोसाठी गाडी बाजूला घेणं पूर्ण वर्ज्य. फाटा चुकवू नका, खोपोलीचे फलक आधीपासून पाहा. जुन्या घाटाला लागल्यावर दुसरा गिअर टाका आणि त्यावरच उतरा. सतत ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो. चढणीच्या गाडीला आधी वाट द्या. वळणावर हॉर्न, धुक्यात लो बीम. घाटातली वाहतूक व्यवस्था वेळोवेळी बदलते, तेव्हा पोलिस सांगतील तसंच जा.

वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर शिंग्रोबा आणि काम झाल्यावर त्याचा घेतलेला जीव, ही इथली लोककथा. येणारे-जाणारे नाणं टाकून पुढे जातात. इंजिनिअरांची नावं सरकारी कागदांत राहिली. वाट ज्याच्या पायांना ठाऊक होती त्याचं नाव लोकांनी देवळात ठेवलं. तिथे जागा पाहून थांबा. मग खोपोली. नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि विरेश्वराचं देऊळ पाहून घाट उतरल्याचा थकवा जातो.

जिवाची काळजी

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसट्यांसह गाड्या वाहून गेल्या. १५ जून २०२५ ला इंदोरीजवळ कुंडमळ्याचा लोखंडी पादचारी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, चार जीव गेले. हा पूल दगडी पुलांपेक्षा कितीतरी नवा होता. म्हणून पुलाचं वय पाहून तो सुरक्षित किंवा धोक्याचा असं ठरवू नका. ‘धोकादायक’ असा फलक असेल, वाहनांसाठी बंद केलेला असेल, तर चालतही जाऊ नका. पाहणाऱ्यांची गर्दी झाली असेल तर काठावरूनच परत फिरा. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालू नका. खालची फरशी शिल्लक आहे की नाही हे वरून कळत नाही. रेल्वेच्या पुलांवर आणि रुळांवर जाणं हा गुन्हा आहे. ते रस्त्यावरून पाहा.

नोंदी आणि परतीचा प्रवास

प्रत्येक पुलाला वहीचं एक पान द्या. तारीख, नदीचं नाव, जागेचे अक्षांश-रेखांश, गाळ्यांची संख्या, खांबांचा आकार, दुरुस्तीच्या खुणा, गावकऱ्यांनी सांगितलेलं. लांबी पावलांनी मोजलीत तर ‘पावलांनी’ असं लिहा, अंदाज असेल तर ‘अंदाजे’. सालाची पाटी वाचता आली तरच साल लिहा. ‘इंग्रजांच्या काळातला’ असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याचं म्हणणं म्हणून नोंदवा. फोटो नेहमी एकाच जागेवरून घ्यायची सवय ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढला की पिंपळ किती वाढला, खांबाजवळची वाळू किती गेली हे शेजारी ठेवून दिसतं. काही गंभीर वाटलं, नवी भेग किंवा उघडा पाया, तर फोटो आणि जागेसह सार्वजनिक बांधकाम विभागाला किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

खोपोलीहून परतताना दुपारी तीनच्या आत घाट चढायला लागा. एक्सप्रेसवेने आलात तर तासाभराहून थोडा जास्त वेळ पुरतो आणि ज्या दऱ्या-ओढे चुकवण्यासाठी जुन्या रस्त्याने वळणं घेतली, ते नव्या रस्त्याने बोगदे खणून आणि उंच पूल टाकून कसे पार केले, हे त्याच दिवशी पाहता येतं. जुन्यानेच यायचं असेल तर वडगावच्या पुढे संध्याकाळची कामगारांची वर्दळ सुरू होण्याआधी निगडी गाठा. मोऱ्या पाहायच्या राहिल्या असतील तर त्यांना वेगळा दिवस ठेवा, कारण अंधारात त्या सापडत नाहीत.